सराफ, वायदा आणि हातोहात व्यवहार

आजचा विषय थोडा परका वाटेल, म्हणून आपल्याच शब्दांपासून सुरुवात करतो. 'सराफ' हा शब्द अरबी 'सर्राफ'वरून आलेला आहे. एक नाणं देऊन दुसरं नाणं घ्यायचं, या व्यवहाराला अरबीत 'सर्फ' म्हणतात आणि तो धंदा करणारा तो सर्राफ. दलाल अरबी, हवाला अरबी, नफा अरबी, कर्ज अरबी. बयाणा देतो त्यातला 'बय' म्हणजे अरबी 'बै', विक्री. आणि वायदे बाजारातला वायदा म्हणजे अरबी 'वअ्द', वचन. फारसीच्या वाटेने, दफ्तरांतून आणि पेठांतून हे शब्द आपल्याकडे आले आणि इतके मुरले की आता कुणाला ते पाहुणे वाटत नाहीत. यात एक गंमत आहे. इस्लामी कायद्यात वचन वेगळं आणि करार वेगळा. आपल्याकडे मात्र वायदा म्हणजे सौदाच. हा फरक पुढे लागणार आहे, तेवढा लक्षात ठेवा.

आज मोबाईलवर कुणीही डॉलर-युरोचा, सोन्याचा, कच्च्या तेलाचा सौदा टाकू शकतो. मुसलमान ग्राहकांसाठी 'इस्लामी खातं' अशी सोय जाहिरातीत असते. मग तरुण मुलं विचारतात, हे हलाल आहे का? एका शब्दात सांगा. आता मी काही मुफ्ती नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, तेव्हा फतवा देण्याचा मला अधिकारही नाही आणि हौसही नाही. पण चौदाशे वर्षं या परंपरेतल्या लोकांनी बाजाराबद्दल कोणते प्रश्न विचारले, हे पाहता येतं. ते पाहिलं की लक्षात येतं, एका शब्दाच्या उत्तराची घाई त्यांना कधीच नव्हती. ते आधी विचारत, व्यवहारात नक्की काय घडलं? कुणाच्या हातातून काय निघालं आणि कुणाच्या हातात काय पडलं?

मदिनेच्या बाजारात सातव्या शतकात स्वतःचं असं नाणं नव्हतं. बायझंटाइन साम्राज्याचा सोन्याचा दिनार आणि इराणच्या सासानी राजांचा चांदीचा दिरहम, दोन्ही चालत. खलिफा अब्द अल-मलिक याने स्वतःची नाणी पाडली ती पुढे, हिजरी ७७ च्या सुमाराला, म्हणजे इ. स. ६९६-९७ मध्ये. तेव्हा चलनाची अदलाबदल ही चैनीची गोष्ट नव्हती, रोजची गरज होती. आणि भाव हलत असे. खुनाबद्दल द्यायची भरपाई एक हजार दिनार. तीच चांदीत मोजताना हनफी पंथ दहा हजार दिरहम म्हणतो आणि दुसरे बारा हजार. म्हणजे एका दिनाराला कुठे दहा, कुठे बारा. विनिमयाच्या दराचा असा ठसा कायद्याच्या ग्रंथांत राहून गेला आहे.

या बाजारासाठी पैगंबरांनी घालून दिलेला नियम उबादा बिन सामित यांच्या नावाने सांगितला जातो. सोनं, चांदी, गहू, सातू, खजूर आणि मीठ, या सहा वस्तू. सोन्याच्या बदल्यात सोनं घ्यायचं तर वजन सारखं हवं आणि देवघेव तिथल्या तिथे हवी. वस्तू वेगवेगळ्या असतील, म्हणजे सोनं देऊन चांदी घेतली, तर भाव तुमच्या मर्जीचा. अट एकच, व्यवहार हातोहात व्हावा. अरबीत 'यदन बि यद', शब्दशः हाताला हात. आपला 'हातोहात' हा शब्द इथे जसाच्या तसा बसतो.

आता याच सहा वस्तू का? यावर मोठा वाद झाला. बाराव्या शतकातल्या इब्न रुश्दने (युरोप ज्याला अवेरोज म्हणून ओळखतो तोच, अरिस्टॉटलचा भाष्यकार) हे सगळे मतभेद मांडून ठेवले आहेत. हनफी म्हणतात, या वस्तू मापाने किंवा वजनाने विकल्या जातात, म्हणून जे जे मापलं-तोललं जातं त्याला नियम लागू. शाफई म्हणतात, सोनं-चांदी ही किंमत मोजायची साधनं आहेत आणि बाकीची चार अन्नं आहेत. नियम चलनाला आणि अन्नाला. मालिकी म्हणतात, साठवून ठेवता येणारं पोटाचं अन्न. आणि जाहिरी पंथाचा इब्न हझ्म म्हणतो, सहा सांगितल्या ना, मग सहाच. कारण शोधत बसू नका. मी विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवताना हे उदाहरण देत असे. एकाच वाक्यातून सामान्य नियम किती प्रकारांनी काढता येतो, याचा असा नमुना दुसरा मिळणार नाही. आणि हा वाद कोरडा नाही, बरं का. तांबं, कच्चं तेल, पामतेल यांना ते कडक नियम लागतात की नाही, हे तुम्ही कुठलं कारण धरता त्यावर ठरतं.

हा नियम कसा पाळला जायचा, याची एक हकीकत इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आणि बुखारींच्या संग्रहात आहे. मालिक बिन औस नावाच्या माणसाला शंभर दिनार मोडून दिरहम हवे होते. तल्हा बिन उबैदुल्लाह, पैगंबरांचे जवळचे साथी आणि मोठे व्यापारी, त्यांनी त्याला बोलावलं. घासाघीस झाली, भाव ठरला. तल्हांनी सोनं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, माझा खजिनदार गाबाहून येऊ दे, मग चांदी देतो. गाबा म्हणजे मदिनेजवळचा झाडीचा भाग, तिथे त्यांची मालमत्ता होती. हे बोलणं उमर बिन खत्ताब ऐकत होते. त्यांनी मालिकला शपथेवर बजावलं की चांदी हातात पडल्याशिवाय याला सोडून जाऊ नकोस, आणि पैगंबरांचा नियम सांगितला.

विचार करा, काय बिघडत होतं? तल्हा बुडवणारे नव्हते. खजिनदार तासा-दोन तासांत आला असता. व्याजाचा तर विषयच नव्हता. पण उमरांच्या दृष्टीने सोनं आता हातात आणि चांदी नंतर, म्हणजे विनिमय संपला आणि उधारी सुरू झाली. मधल्या वेळेत भाव हलला तर कुणाचा तरी फायदा आणि कुणाचा तरी तोटा होणार, आणि तो फायदा कशाबद्दल? केवळ वेळ गेल्याबद्दल. आज चलनाचा 'तात्काळ' म्हणवणारा सौदासुद्धा जगभर दोन दिवसांनी पुरा होतो. उमर तिथे उभे असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न आधुनिक पंडितांना खरोखरच पडला. त्याकडे येतो.

दुसरी हकीकत धान्याची आहे आणि मला ती याहून महत्त्वाची वाटते. मुआवियाच्या काळात, म्हणजे ६६१ ते ६८० या दरम्यान, मदिनेचा सुभेदार मरवान बिन हकम होता. इजिप्तचं धान्य लाल समुद्रातून मदिनेजवळच्या अल-जार या बंदरात यायचं आणि लोकांना त्यावरच्या चिठ्ठ्या मिळायच्या. चिठ्ठी दाखवा, शिधा न्या. पण धान्य हातात येण्याआधीच लोक चिठ्ठ्या विकू लागले. घेणारा ती पुढे विकी, तिसरा चौथ्याला. म्हणजे धान्य बंदरात पडून आणि कागद बाजारात फिरतोय. झैद बिन साबित एका साथीला घेऊन मरवानकडे गेले आणि त्यांनी सरळ विचारलं, तू रिबा हलाल करतोस काय? मरवान दचकला. त्यांनी चिठ्ठ्यांचा प्रकार सांगितला, तेव्हा त्याने शिपाई पाठवून लोकांच्या हातांतून त्या काढून घेतल्या आणि मूळ मालकांना परत करवल्या. मुस्लिम यांच्या संग्रहात हीच तक्रार अबू हुरैरांच्या तोंडी आहे.

तेराव्या शतकातल्या नववींनी यावर एक बारकावा नोंदवला आहे. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली त्याने ती विकली तर चालेल, कारण धान्यावर त्याचा हक्क आधीच ठरलेला आहे. अडचण आहे ती विकत घेणाऱ्याने ताबा न घेता पुढे विकण्याची. म्हणजे आक्षेप कागदाला नव्हता, साखळीला होता. साखळीतल्या मधल्या माणसाला धान्य नको असतं. त्याला फक्त भावातला फरक हवा असतो.

मग उद्याच्या मालाचा सौदा करूच नये का? तसंही नाही. पैगंबर मदिनेला आले तेव्हा लोक खजुरासाठी वर्ष-दोन वर्षं आधी पैसे देत होते. ती चाल त्यांनी मोडली नाही. माप, वजन आणि मुदत पक्की ठरवा, एवढं सांगितलं. याला 'सलम' म्हणतात. यात पूर्ण किंमत आगाऊ द्यायची, माल नंतर. शेतकऱ्याला हंगामाआधी पैसा मिळतो. मात्र अमुक एका बागेतलाच माल, असं ठरवायचं नाही, कारण ती बाग फळलीच नाही तर? आपल्याकडे कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग देतात. फळ पक्व होण्याच्या खुणा दिसण्याआधी झाडावरचा माल विकायला हदीसमध्ये मनाई आहे, तेव्हा हा व्यवहार फिक्हच्या पंडिताला अडचणीचा वाटेल. उडता पक्षी, पाण्यातला मासा यांची विक्री जशी, तशी ही. या प्रकारच्या अनिश्चिततेला 'गरर' म्हणतात. आणि जुगाराला 'मैसिर'. अरबस्तानात उंट कापून बाणांनी चिठ्ठ्या टाकत आणि कुणाला कुठला वाटा मिळेल, कुणी उंटाचे पैसे भरायचे, ते ठरवत. तो मैसिर.

आता थोडं माझ्या विषयाकडे. ११११ साली वारलेला गझाली हा इस्लामी तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला मोठा माणूस. त्याच्या 'इह्या' ग्रंथात पैशाचं विवेचन कुठे येतं माहीत आहे? व्यापाराच्या प्रकरणात येतं असं वाटेल, पण येतं ते कृतज्ञतेच्या प्रकरणात. दिनार-दिरहम ही देवाची देणगी, आणि देणगीबद्दल कृतज्ञ असणं म्हणजे ती जिच्यासाठी दिली त्या कामाला लावणं. पैशाला स्वतःचा काही उपयोग नाही. तो खाता येत नाही, नेसता येत नाही. तो आरशासारखा आहे, त्याला रंग नाही, पण सगळे रंग त्यात दिसतात. केशर आणि उंट यांची तुलना कशी करायची? मध्ये पैसा न्यायाधीशासारखा बसतो म्हणून करता येते. मग जो पैसा पुरून ठेवतो तो न्यायाधीशाला कोंडतो. आणि जो पैशाचाच व्यापार करून पैसा वाढवतो, तो साधनालाच साध्य करतो.

अरिस्टॉटलशी याचं नातं उघड आहे. त्यानेही व्याजाला पैशाचं पोर म्हटलं आणि ते निसर्गाविरुद्ध मानलं. पण गझाली एक पाऊल पुढचा विचार करतो. मग सराफाचं काय? तो तर पैसे देऊन पैसेच घेतो. गझाली सांगतो की दिनार देऊन दिरहम घ्यायला मोकळीक आहे, कारण त्यामुळे माणसाला हवी ती वस्तू मिळवणं सोपं होतं. मोठं नाणं मोडून किरकोळ खरेदी करता येते. म्हणजे सराफ त्याला चालतो, तो वाटेतला पूल आहे तोवर. माझं मत विचाराल तर आजच्या प्रश्नाला लागू पडणारी कसोटी कायद्याच्या पुस्तकांपेक्षा इथे जास्त स्वच्छ दिसते.

मधली शतकं भराभर ओलांडतो. सराफी वाढली, हवाला आणि धनकोचे कागद दूरवर चालू लागले. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण कडेला औदगुस्त इथे ४२,००० दिनारांची एक चिठ्ठी पाहिल्याचं लिहिलं आहे. कागदी नोटा आल्यावर नवीन पेच पडला. नोट म्हणजे पैसा, की सरकारवरच्या कर्जाची पावती? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेलीच्या अहमद रझा खान यांनी मक्केच्या विद्वानांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून यावर प्रबंधच लिहिला आणि नोट ही पावती नसून स्वतःच मालमत्ता आहे असं मांडलं. १९७१ साली अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तोडला आणि पावतीचा मुद्दा उरलाच नाही. १९८६ मध्ये अम्मानला इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने ठरवलं की कागदी चलन हे पूर्ण अर्थाने पैसा आहे आणि सोन्या-चांदीचे रिबाचे नियम त्याला लागू आहेत. १९९० मध्ये जेद्दाला तिने आणखी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. बँकेच्या खात्यात रक्कम जमा झाली म्हणजे ताबा मिळाला. हात आता खातं झालं.

यातून चलनाचा तात्काळ सौदा सुटला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या मंडळाने २००२ च्या फतव्यात दोन दिवसांत पुरा होणारा सौदा तात्काळच मानला. आंतरराष्ट्रीय व्यवहारात तेवढा वेळ टळत नाही, म्हणून. त्याच फतव्याने चलनाचे मुदतीचे सौदे, स्वॅप आणि ऑप्शन नाकारले. तल्हांच्या खजिनदाराला दोन दिवसांची सवलत मिळाली म्हणा ना! मला यात गैर वाटत नाही. उमरांचा आक्षेप टाळता येणाऱ्या उशिराला होता.

मालाच्या वायद्यांवर मात्र अकादमीने १९९२ मध्ये नकार दिला. दोन्ही बाजू पुढच्या तारखेच्या, ना माल हातात ना किंमत, आणि बहुतेक सौदे माल न घेता फरकावर मिटतात. याविरुद्ध मोहम्मद हाशिम कमाली यांनी २००० सालच्या पुस्तकात जोरदार बाजू मांडली. हातात नाही ते विकू नकोस, हा उपदेश माल मिळण्याची खात्री नव्हती त्या काळचा आहे. आज निपटारा संस्था दोन्ही बाजूंना हमी देते, मग गरर कुठे राहिला? मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया सल्लागारांनीही कच्च्या पामतेलाच्या वायद्यांना मान्यता दिली. कमालींचा युक्तिवाद मला पामतेलाच्या गिरणीवाल्यासाठी पटतो. त्याला तीन महिन्यांनी तेल विकायचंच आहे, भाव आज बांधून घेतला तर त्याचं काय चुकलं? पण ज्याने आयुष्यात पामतेलाचा पिंप पाहिला नाही त्याला तो युक्तिवाद उसना देता येत नाही. तो मरवानच्या चिठ्ठीतला तिसरा माणूस.

आणि मोबाईलवरचा चलनाचा सौदा? तो कसा चालतो ते पाहा. तुम्ही हजार डॉलर भरता. कंपनी शंभर पट सौदा करू देते, म्हणजे एक लाख डॉलरचा. भाव एक टक्का उलटा गेला की तुमचे हजार संपले. कुठल्याही खात्यात ना एक लाखाचे युरो येतात ना डॉलर जातात. पुष्कळदा समोरची बाजू ही कंपनी स्वतःच असते. सौदा रात्रभर उघडा राहिला तर दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक आकारला जातो. 'इस्लामी खात्यात' हा आकार नसतो. त्याऐवजी कुठे व्यवस्थापन शुल्क असतं, कुठे खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर वाढवलेलं असतं. तल्हांच्या हकिकतीत व्याज नव्हतंच हे आठवा. व्याजाचं नाव बदलून मूळ प्रश्न सुटत नाही, कारण मूळ प्रश्न हस्तांतराचा आहे आणि हस्तांतर झालेलंच नाही.

मक्केच्या फिक्ह परिषदेने २००६ मध्ये अशा उसन्या बळावरच्या सौद्यांविरुद्ध निर्णय दिला. रात्रीच्या शुल्काखेरीज तिचं एक कारण जुनं आणि मार्मिक आहे. कंपनी कर्ज देते आणि अट घालते की सौदे माझ्याच मार्फत करायचे. म्हणजे कर्ज देऊन दलाली कमवायची. कर्ज आणि विक्री एकमेकांत गुंतवू नका, असं हदीसमध्येच आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने वैयक्तिक माणसांनी इलेक्ट्रॉनिक मंचांवर केलेला तात्काळ चलन-व्यापार हराम ठरवला. परवानाधारक संस्था आणि चलन बदलून देणारी दुकानं मात्र त्यातून वगळली. गझालीचा पूल आणि पुलावरच घर बांधणारा, यांतला हा फरक आहे. धर्माशी काही देणंघेणं नसलेल्या युरोपीय रोखे नियामकाने २०१८ मध्ये अशा फरकाच्या सौद्यांवर मर्यादा आणल्या, तेव्हा त्याने सांगितलं की किरकोळ ग्राहकांच्या ७४ ते ८९ टक्के खात्यांत तोटा होतो. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मध्ये परवानगी नसलेल्या ३४ मंचांची यादी काढून लोकांना सावध केलं.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला वअ्द आता काढतो. इस्लामी बँकांनाही आयातदारासाठी पुढचा भाव बांधावा लागतो. मुदतीचा करार तर करता येत नाही. मग एकच बाजू वचन देते की अमुक तारखेला अमुक दराने मी डॉलर देईन, आणि त्या तारखेला खरा, हातोहात सौदा होतो. एकतर्फी वचन म्हणजे करार नव्हे, म्हणून तो चालतो. मला या युक्तीबद्दल संमिश्र वाटतं. आयातदाराची गरज खरी आहे, हे मान्य. पण युक्त्यांना उतार असतो. लंडनच्या धातू बाजारात बँका वर्षानुवर्षं तांबं-जस्त विकत घेऊन ग्राहकाला उधार विकत आल्या. ग्राहक ते लगेच रोखीने विकून पैसे उचलतो, नंतर जास्त फेडतो. याला तवर्रुक म्हणतात. २००९ मध्ये शारजाला अकादमीने याचं संघटित रूप अमान्य केलं आणि त्याच वर्षी मलेशियाच्या शेअर बाजाराने अशाच व्यवहारांसाठी पामतेलाचा खास मंच सुरू केला. तिथे तेल खरं असतं, पण कुणालाच ते नको असतं.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, फोनवर शंभर रुपयांचं सोनं घेतात, त्याचं काय? याचं उत्तर त्यामानाने ताजं आहे. इस्लामी वित्तसंस्थांची मानकं ठरवणाऱ्या बहरीनच्या आवफी या संस्थेने जागतिक सुवर्ण परिषदेसोबत २०१६ मध्ये सोन्याचं मानक प्रसिद्ध केलं. तुमच्या नावाने वेगळं काढून ठेवलेलं, ओळख पटेल असं सोनं खरोखर तिजोरीत असेल, किंमत त्याच बैठकीत पूर्ण चुकती झाली असेल, आणि मागाल तेव्हा ते तुम्हाला मिळू शकत असेल, तर तो ताबाच समजतात. तेव्हा ज्याच्याकडून घेताय त्याला विचारा की माझं सोनं कुठल्या तिजोरीत आहे, कुणाच्या नावाने आहे आणि उद्या मागितलं तर हातात देणार का.